ठेंगण्या संघाचं गणित

बास्केटबॉलची बास्केट दहा फुटांवर असते. सात फुटी सेंटर तिच्याखाली उभा राहिला की रिबाउंड त्याचे आणि जवळचे गुणही त्याचेच. अशा खेळाडूला अडवायला तेवढाच उंच गडी हवा, ही समजूत इतकी जुनी आहे की ती कुणी तपासतच नाही. माझं मत वेगळं आहे. ठेंगण्या संघाने त्याला रोखण्यासाठी जीव काढू नये. त्याला बास्केटखालची जागा सोडून बाहेर यायला लावावं.

२०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलंडविरुद्ध १-२ असे मागे होते. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून वगळलं, आंद्रे इग्वोडालाला घेतलं आणि सेंटरचं काम साडेसहा फुटांच्या आसपासच्या ड्रेमंड ग्रीनवर सोपवलं. क्लीव्हलंडच्या सात फूट एक इंची तिमोफे मॉझगॉव्हने त्या रात्री २८ गुण केले. एवढाच आकडा पाहणारा म्हणेल, डाव फसला. पण वॉरियर्स १०३-८२ असे जिंकले, कारण मॉझगॉव्हला दुसऱ्या टोकाला बचावही करायचा होता. वॉरियर्सच्या स्टीफन करीला दोघांनी घेरलं की चेंडू ग्रीनकडे जाई आणि पुढे चौघांसमोर तिघेच उरत. मॉझगॉव्हने ग्रीनला अडवावं तर बास्केट उघडी पडे, बास्केट राखावी तर बाहेरचा नेमबाज मोकळा सुटे. त्यात तीन गुणांचे शंभरपैकी ३६ फटके लागले तरी १०८ गुण होतात. दोनचे पन्नास लागूनही शंभरच. पाचव्या सामन्यात क्लीव्हलंडने मॉझगॉव्हला जेमतेम नऊ मिनिटं खेळवलं. २८ गुण करणारा माणूस त्याच्याच प्रशिक्षकाला बाकावर बसवावा लागला, यातच सगळं आलं. वॉरियर्सनी मालिका ४-२ अशी जिंकली.

यावर २०२० च्या ह्यूस्टन संघाचं उदाहरण हमखास पुढे येतं. त्यांनी क्लिंट कपेलाला दुसऱ्या संघाकडे धाडलं, साडेसहा फुटांच्या आतल्या पी. जे. टकरला सेंटर केलं आणि लेकर्सकडून ४-१ असा मार खाल्ला. म्हणजे शेवटी उंचीच जिंकली ना? पण त्याच मालिकेत लेकर्सनी सात फुटी जावेल मॅगीला सुरुवातीच्या पाचांतून काढून मार्कीफ मॉरिसला आणलं आणि बास्केटची राखण अँथनी डेव्हिसकडे दिली. डेव्हिस उंच तर आहेच, शिवाय बाहेर धावून परत फिरण्याइतका चपळ आहे. जिंकताना लेकर्सनीही ठेंगण्यांचीच रीत उचलली.

खरा आक्षेप डेन्व्हरचा सेंटर निकोला योकिच याच्या खेळातून येतो, आणि तो मला मान्य करावा लागतो. एकट्याने अडवलं तर तो स्वतः गुण करतो. दोघे धावून गेले तर मोकळ्या सहकाऱ्याला नेमका पास देतो. तो स्वतः बाहेरून फटकेही मारतो, त्यामुळे जागा समोरच्यालाच सोडावी लागते. ठेंगण्यांचं गणित जिथे सुटत नाही असा सेंटर हाच. २०२३ मध्ये डेन्व्हरने मायामीला ४-१ असं हरवलं, आणि अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू योकिच ठरला.