जावा, येझदी आणि पनवेलचा रस्ता

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव आहे. म्हणून मुंबईचे बाइकवाले पनवेलहून खोपोलीचा जुना रस्ता धरतात, नाहीतर गोव्याकडे वळतात. जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदी मोटारसायकलींच्या चाहत्यांचा सण. त्या दिवशी या रस्त्यांवर एखादी जुनी जावा दिसली, तर जरा थांबून बघा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून १९९६ पर्यंत या गाड्या घडल्या. गंमत म्हणजे किक आणि गिअरचा दांडा एकच! किक मारायची, तोच दांडा पुढे वळवला की गिअर. टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, आणि तेही मापात.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल, तर २०२१च्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. मात्र चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. कस्टम बाइकच्या हौशी मंडळींना हे जाचक वाटेल. मला तरी ते रास्त वाटतं. अशा गाडीवरून रोजचा बाजारहाट मात्र करता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल किंवा पेट्रोल भरण्यासारख्या कामांपुरतीच ती रस्त्यावर आणायची.