मालक मीच!
(नांदेड येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. नवऱ्याने टाकलं, त्याला बारा वर्षं झाली. आईने दिलेली एक बोरमाळ तेवढी माझी होती. दर मृगाला ती सराफाकडे गहाण पडायची, त्यातून बी-खत यायचं, आणि सुगीला ती सुटायची. दोन वर्षांपूर्वी नांदेडला बसमध्ये चढताना ती गळ्यातून गेली. फिर्याद दिली. चार महिन्यांनी चोर सापडला, बोरमाळही सापडली. वाटलं, सुटले.

ठाण्यात गेले तर म्हणाले, "बाई, मालकाला घेऊन या. आणि पावती आणा." आपल्याकडे मालक म्हणजे नवरा! माझा मालक कुठे आहे, मलाच ठाऊक नाही. आणि आईच्या लग्नातल्या दागिन्याची पावती कुठून आणू? बोरमाळ मुद्देमालाच्या खोलीत, लाखेच्या सीलमध्ये. मी औसा-नांदेड सहा खेपा घातल्या. तिकीट अर्धं लागतं, पण मजुरी पूर्ण बुडते. त्या वर्षीची पेरणी सावकाराच्या पैशावर झाली.

मग गटातल्या वकीलताईंनी कायदा समजावला. जप्त माल पोलिसांचा नसतो. तो कोणाला द्यायचा हे न्यायालय ठरवतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं ४५१ आणि ४५७ होती. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ती ४९७ आणि ५०३ झाली. खटला संपेपर्यंत थांबावं लागत नाही. सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि दागिने परत द्या. पंधरा दिवस ते महिना, याहून जास्त माल ठाण्यात ठेवू नका. कर्नाटकातल्या बसव्वा पाटील यांचे दागिने तर ठाण्यातूनच नाहीसे झाले होते. १९७७ साली त्याच न्यायालयाने त्यांची किंमत सरकारला द्यायला लावली.

आणि स्त्रीधन बाईचंच, हे तर १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून पक्कं आहे. मग नवऱ्याची सही कशाला?

मी माझ्याच नावाने अर्ज केला. फिर्यादीत लिहिलं होतं, "एक मणी चेपलेला." तीच खूण उपयोगी पडली. मावशीने प्रतिज्ञापत्र दिलं. बंधपत्रावर बोरमाळ मिळाली. बंधपत्राचा अर्थ एवढाच की खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, मोडायची नाही, न्यायालयाने मागितली की हजर करायची.

म्हणून बायांनो, आज घरी गेल्यावर आपल्या दागिन्यांचे फोटो काढा. वजन, खुणा, कोणी दिलं, ते वहीत लिहा, दोघींच्या सह्या घ्या. नवी पावती आपल्या नावाने करा. चोरी झाली तर फिर्यादीत खुणा लिहून घ्या, नक्कल मागा. ती फुकट मिळते. माल सापडला की गप्प बसू नका. मालक सापडत नाही असं ठरलं तर न्यायालय जाहीरनामा काढतं. सहा महिन्यांत कोणी पुढे आलं नाही तर तो माल सरकारजमा होऊन विकला जाऊ शकतो.

आणि कोणी एकटीने ठाण्यात जायचं नाही. दोघी-चौघी जा. "मालक कुठे आहेत?" असं विचारलं तर सांगा, "समोर उभी आहे."