माईकवर गाताना इको किती ठेवायचा?

दहिवलीच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय जरा वेगळा आहे : माईकचा आवाज आणि त्यात मिसळायचा इको.

आपल्या रायगडात आगरी लग्नात धवलारीण धवले गाते. ते तिने ऐकूनच पाठ केलेले असतात आणि पुढची पोरगीही ऐकूनच शिकते. हल्ली मांडवात माईक असतो. इको एवढा वाढवतात की आवाज घुमतो, पण शब्द कळत नाहीत. शब्दच कानावर पडले नाहीत, तर पोरी शिकणार कशा? म्हणून साऊंडवाल्या दादाचं काम आपणही थोडं समजून घेऊ.

इको द्यायच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत सगळा आवाज मशिनमधूनच जातो. गिटार वाजवणारी मुलं पायाशी एकामागे एक पेडल जोडतात, ती ही पद्धत. दुसऱ्या पद्धतीत आवाजाला दोन वाटा फुटतात. एका वाटेने साधा आवाज थेट पुढे जातो, दुसरीने त्याचीच नक्कल इकोच्या मशिनमध्ये जाते. शेवटी दोन्ही एकत्र होतात. वरण साधं शिजवायचं, फोडणी पळीत वेगळी करायची आणि हवी तेवढीच वरून घालायची, तसंच हे. वरणाची चव जात नाही.

मिक्सरवर प्रत्येक माईकला ‘इको’ किंवा ‘एफएक्स’ लिहिलेलं बटण असतं. त्या माईकचा किती आवाज मशिनकडे पाठवायचा, ते तिथे ठरतं. मशिन वेगळं जोडलं असेल, तर त्यातून फक्त इकोच बाहेर येईल असं लावायला सांगा. नाहीतर साधा आवाज दोनदा येतो, आणि त्यातला एक किंचित उशिरा आला तर आवाज पोकळ वाटतो.

आता लावायचं कसं? आधी इको शून्यावर ठेवा. साधा आवाज असा लावा की शेवटच्या रांगेतल्या आजीला शब्द कळावेत. मग इको हळूहळू वाढवा. तो जाणवायला लागला की किंचित मागे घ्या.

इको किती वेळाने परत येतो, तेही बघा. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. इको पाव सेकंदाने येत असेल, तर समजा साधारण ४२ मीटरवरच्या भिंतीवर आपटून आवाज परत आला. संथ धवल्यात ते चालतं. हळदीच्या जलद गाण्यात मात्र मागचा शब्द पुढच्यावर चढतो. तिथे ही वेळ कमी करायची. बोलायच्या माईकला तर इको नकोच.

वाद्यांनाही हेच लागू आहे. आपल्या बेंजोचं मूळ असलेलं ताइशोगोतो हे वाद्य १९१२ साली जपानच्या नागोया शहरात तयार झालं. आज बेंजो काय, गिटार काय, दोन्ही विजेवर वाजतात. खरखरीत आवाज हवा असेल, तर तो एका वाटेने आणि साधा दुसऱ्या वाटेने घेतला की सूर स्वच्छ राहतात. बास गिटार वाजवणारे बरेच जण असंच करतात.

तेव्हा पुढच्या हळदीला साऊंडवाल्या दादाला आधीच सांगा, “दादा, आधी साधा आवाज लावा, इको आम्ही सांगू तेवढाच.” पैसे आपण देतो, तर आपल्या धवलारणीचे शब्दही ऐकू यायला हवेत.