तळपायाची चामखीळ : काढावी की राहू द्यावी?



मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, बँकेत काऊंटरवर बसणारा कारकून आहे. तरी या विषयावर उभा राहिलो, त्याला कारण माझे वडील. त्यांना मधुमेह होता. तळव्याला टणक गाठ आली, ती कुरूप समजून त्यांनी कॉर्न कॅप लावली. पाय बधिर झालेला. कातडी जळत गेली तरी त्यांना कळले नाही. मोजा भिजला तेव्हा घरात कळले. शेवटी करंगळी काढावी लागली. ती कॅप दुकानातून मीच आणून दिली होती.

म्हणून गेल्या वर्षी पुतण्याने टाच पुढे केली, तेव्हा मी आधी त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. ती चामखीळ निघाली. कुरूप होते दाबाने आणि घर्षणाने. चामखीळ होते विषाणूमुळे. कुरुपावर कातडीच्या रेषा तशाच दिसतात, चामखिळीपाशी त्या तुटतात. आत काळे ठिपके दिसतात, ते गोठलेल्या रक्ताचे. आपल्याकडे त्यालाच 'मूळ' समजून सुईने टोकरतात किंवा ब्लेडने तासतात. त्याने विषाणू आणखी पसरतो. ओली फरशी, पोहण्याचा तलाव, एकच कानस घरभर वापरणे, यातूनही तो एकाचा दुसऱ्याला लागतो.

पुतण्या पोलीस भरतीची तयारी करत होता. १६०० मीटरची धाव दोन महिन्यांवर आलेली. तो म्हणाला, "काका, गोठवून घेऊ का? एकदाची कटकट जाईल."

एकदाची जातेच असे नाही. ब्रिटन-आयर्लंडमध्ये २४० जणांवर झालेली एक तुलना २०११ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांची चामखीळ दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजनने गोठवली, निम्म्यांनी घरी ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड लावले. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरातले सुमारे चौदाच पूर्ण बरे झाले होते. महाग उपचार म्हणजे खात्रीचा उपचार, हा आपला लाडका समज तिथे टिकला नाही. शिवाय गोठवल्यावर फोड येऊन काही दिवस पाय टेकवत नाही. उलट पुष्कळ चामखिळी आपोआप जातात. मुलांच्या बहुधा दोनेक वर्षांत, मोठ्यांच्या सावकाश. दुखत नसेल तर तिला हात न लावणे हाही निर्णयच आहे.

पुतण्याची मात्र धावताना दुखत होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने घरचा मार्ग धरला. रोज रात्री पाय कोमट पाण्यात ठेवायचा, वरची मेलेली कातडी स्वतःच्या वेगळ्या कानशीने घासायची, भोवती व्हॅसलीन लावून औषध फक्त चामखिळीवर. आग झाली की दोन दिवस बंद. टाचेखाली मध्ये भोक पाडलेली मऊ गादी ठेवून तो धावला. चामखीळ अजून आहे, पण निम्मी झाली आहे आणि आता दुखत नाही.

ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे, त्यांनी मात्र कॅप, ॲसिड, ब्लेड यांतले काहीही स्वतः करू नये. गाठ रक्ताळली, रंग बदलला किंवा भराभर वाढली, तरीही तेच. आणि भाषणानंतर कोणी चप्पल काढून पाय मला दाखवू नये, ही विनंती. ससूनमध्ये त्वचारोग विभाग आहे, तिथे केसपेपर काढावा.