ट्रॅक्टरचा टेंपरेचर मीटर बदलताना

जुन्या ट्रॅक्टरचा टेंपरेचर मीटर बंद असेल, तर इंजिन तापलेलं वेळेवर कळत नाही. मग हेड गॅस्केट जातं, हेडही वाकतं. म्हणून मीटर वेळीच बदला.

आधी नवा मीटर तपासा. त्याचा बल्ब उकळत्या पाण्यात धरा. काटा 100 अंश सेल्सिअसजवळ गेला पाहिजे.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा, नाहीतर वाफेनं भाजेल. थोडं पाणी काढून जुना बल्ब सोडवा. नव्या मीटरची बारीक नळी कापू नका, मुरडू नका. आतला द्रव गेला की मीटर निकामी झालाच म्हणून समजा. नळी लांब वाटली, तर मोठं वेटोळं करून सायलेन्सरपासून दूर बांधा. शेवटी पाणी भरा, इंजिन चालवून गळती पाहा.