पुडी आणायला मुलाला धाडू नका

दारू, तंबाखू आणि नशेच्या गोळ्या यांविषयी मुलांशी बोलले पाहिजे, हे बहुतेक आईबापांना पटलेले असते. अडते ते इतकेच, की बोलायचे केव्हा आणि कसे? ‘अजून लहान आहे, कॉलेजात गेला की सांगू,’ असे म्हणून आपण विषय पुढे ढकलतो. पण २०१९ साली देशभरातील १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी झाली, तिच्यात शंभरामागे आठ-नऊ मुले तंबाखू घेणारी आढळली. खाण्याची तंबाखू ज्यांनी कधी ना कधी तोंडात टाकली होती, त्यांतल्या निम्म्यांनी तरी ती दहावा वाढदिवस येण्याआधीच चाखलेली होती! म्हणजे कॉलेजची वाट पाहणे हे गाडी सुटल्यावर स्टेशनावर जाण्यासारखे झाले.

तुम्ही विचाराल, एवढ्या लहान मुलाला हे दाखवले कुणी? जरा घरातच पाहू या. ‘जा रे, कोपऱ्यावरून पुडी आण, उरलेल्या पैशाची गोळी घे,’ असे आपण सहज म्हणतो. आजी मशेरी लावते आणि नातवाची दाढ दुखू लागली, की तेच बोट त्याच्या हिरडीवरून फिरवते. काका तळहातावर तंबाखू मळतात ते मूल टक लावून पाहत असते. याला शिकवणीच म्हणायचे, नाही का? आणि कायदा काय म्हणतो? अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलाच्या हाती दारू वा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. गुटख्यावर तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. म्हणून पहिली गोष्ट ही, की मुलाला पुडी आणायला धाडू नका. आणि तुम्हांला स्वतःला सवय असेल, तर लपवू नका. ‘मला ही सोडता येत नाही, म्हणूनच तुला सांगतो, धरू नकोस,’ हे बापाच्या तोंडचे वाक्य दहा व्याख्यानांहून जड असते.

दुसरी गोष्ट, खोटी भीती घालू नका. ‘एक झुरका घेतलास की मेलास,’ असे सांगावे, तर मुलाला झुरके घेणारा मित्र मैदानावर धडधाकट खेळताना दिसतो. मग तुमचे खरे बोलणेही त्याला खोटे वाटू लागते. आणि खरे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ म्हटले, की आईला शर्ट आठवतो. मुलांना मात्र दुसराही अर्थ ठाऊक असतो. झोपेच्या नि मनाच्या आजारावरच्या गोळ्या नशेसाठी विकतात, त्यांना हे नाव पडले आहे. अशी गोळी दारूबरोबर पोटात गेली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या शहरात आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे पडून कोकेन, केटामाइन, मेफेड्रोन असे जहाल पदार्थ पकडले गेले. त्या दिवसांत ही बातमी मुलांनीही वाचली होती. अशा वेळी पेपर दडवू नये. ‘तुमच्या शाळेत याबद्दल काय बोलतात रे?’ असे विचारावे आणि मग गप्प बसून ऐकावे.

तिसरी गोष्ट, नकार द्यायला शिकवा. पहिली पुडी अनोळखी माणूस क्वचितच देतो. ती देतो जिवलग दोस्त. त्याला दुखवायचे कसे, ही मुलाची खरी अडचण असते. ‘नको यार, उद्या मॅच आहे,’ ‘आमच्या आईला वास लगेच कळतो,’ अशी दोन वाक्ये जेवताना हसतखेळत घोकून घ्या.

आणि एक वचन द्या: ‘कुठेही अडकलास, कितीही वाजले असले, तरी फोन कर. मी न्यायला येईन. रागवायचे ते उद्या.’ हे वचन दिले, की पाळा. घरी मार बसेल या धास्तीने जे मूल बेशुद्ध मित्राला टाकून पळते, ते आपल्याच धाकाने पळत असते.

मूल आधीच अडकले असेल, तर मारझोड आणि नवससायास यांत दिवस घालवू नका. व्यसन हा आजार आहे, त्याला औषधोपचार आहेत. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४४६ या क्रमांकावर सल्ला मोफत मिळतो. तिथे जाताना मुलाला पुढे ढकलू नका. त्याच्या बरोबरीने चाला.