मूत्रपिंडांची मिठाची राखण

हुबळीहून धारवाडास जाताना वाटेत उणकलचे तळे लागते. बांधावरून एकदा वाहून गेलेले पाणी पुन्हा त्या तळ्यात येत नाही. आपल्या देहातील मूत्रपिंडांची रीत मात्र उलटी आहे. ती आधी पुष्कळ सोडून देतात आणि मग हवे तेवढे परत घेतात.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. सुमारे दीड किलो मिठात जेवढे सोडियम असते, तेवढे त्यात असते. ते सारे वाहून गेले, तर मनुष्य एक दिवसही तग धरणार नाही. म्हणून प्रत्येक मूत्रपिंडातील सुमारे दहा लाख सूक्ष्म नलिका त्यातील ९९ टक्के सोडियम रक्तास परत करतात. सुमारे दोनतृतीयांश नलिकेच्या आरंभीच्या भागात, चतुर्थांश हेन्ले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वळशात आणि उरलेले शेवटच्या टप्प्यांत.

हे घडते कसे? नलिकेच्या पेशींच्या रक्ताकडील बाजूस एक विकर असते. ते सोडियमचे तीन आयन पेशीबाहेर काढते व पोटॅशियमचे दोन आत घेते. पेशीत असा तुटवडा पडला, की नलिकेतील सोडियम आपोआप आत ओढले जाते. आरंभीच्या भागात तर त्याच्यासोबत साखरही परत येते. हे विकर डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंत ओळखले. त्याच वर्षी उणकलनजीक, हुबळीत, वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. स्काऊ यांस १९९७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

खरी कसोटी असते ती अखेरच्या दोनतीन टक्क्यांची. तेथे अधिवृक्क ग्रंथींतील आल्डोस्टेरोन या संप्रेरकाचा हुकूम चालतो. एक टक्का म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम मीठ! जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे ही एका टक्क्याची चूक त्याच्या तिप्पट भरते. मीठ अधिक राहिले, की पाणीही राहते, पाय सुजतात, रक्तदाब चढतो.

फ्युरोसेमाइडसारखे औषध हेन्लेच्या वळशातील परतफेड रोखून ते मीठ बाहेर काढते. परंतु भाकरीसोबत लोणच्याची दुसरी फोड घेताना हात आवरणे, हे औषधाच्या आधीचे काम आहे. नलिका रात्रंदिवस मीठ राखतात. त्यांवरील भार वाढवावा की हलका करावा, हे मात्र ताटावर बसणाऱ्याच्याच हाती असते.